कर्नल साइक्सचा तंबू आणि आपले मासे

विल्यम हेन्री साइक्स हे नाव पक्षी बघणाऱ्यांना ठाऊक असेल. साइक्सचा चंडोल, साइक्सचा रातवा वगैरे. माझी मात्र त्याच्याशी ओळख झाली ती माशांमुळे!

हा गृहस्थ १७९० साली इंग्लंडमध्ये जन्मला आणि वयाच्या चौदाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. चौदाव्या वर्षी आपण नववीच्या ट्यूशनला जात होतो! १८०५ मध्ये तो भरतपूरच्या वेढ्यात होता. १८१० मध्ये हिंदुस्थानी आणि मराठीच्या दुभाष्याची परीक्षा पास झाला. पुढे १८१७ साली खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने लढला. तेव्हा त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं काही कारण नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं. काम काय, तर नव्याने जिंकलेल्या दख्खनची मोजदाद. माणसं, जमीन, पिकं, सारा, हवामान, सगळं. म्हणजे साहेबाला वसुलीसाठी आकडे पाहिजे होते. साइक्स वर्षानुवर्षं तंबू घेऊन गावोगाव फिरला आणि आकड्यांबरोबर त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही गोळा केले. १८२९ मध्ये काटकसरीच्या नावाखाली सरकारने ते पदच रद्द केलं. आपण असतो तर सुटलो म्हणून घरी गेलो असतो. याने रजा काढली आणि १८३१ पर्यंत काम पुरं केलं.

आपल्या ब्रँचवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट. डोंगराची उंची मोजायला तेव्हा बॅरोमीटर लागायचा, आणि तो काचेचा असल्याने प्रवासात फुटायचा. त्यावर साध्या थर्मामीटरने काम कसं भागवायचं हे साइक्सने लिहून ठेवलं. भांड्यात पाणी उकळायचं आणि तापमान बघायचं. साधारण तीनशे मीटर वर गेलं की उत्कलनबिंदू एक अंश सेल्सिअसने उतरतो. बस्स, काढा उंची!

आता मासे. आमच्या ग्रुपने यंदा कॅम्पिंग आणि फ्लाय फिशिंगची टूम काढली. टीव्हीवर बघितलेलं, डोंगरातली नदी, गुडघाभर पाणी, ट्राउट. प्रकार भारी आहे. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माशीला वजनच नसतं, म्हणून इथे दोरीच जड असते आणि फेकायची ती दोरी. पण ट्राउटला थंडगार पाणी लागतं. वीस अंशांच्या वर गेलं की तो बेजार होतो. आपल्याकडे तो निलगिरी, मुन्नार, हिमाचल, काश्मीर अशा ठिकाणीच, आणि तोही ब्रिटिशांनी आणून सोडलेला. कबनूरहून हिमाचल म्हणजे जाण्यायेण्यातच सुट्टी खलास. मग सह्याद्रीत काय आहे हे शोधताना महसीर सापडला, आणि महसीरच्या शास्त्रीय नावापुढे साइक्स!

दख्खनच्या महसीरचं नाव टोर खुद्री. साइक्सने तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत पाहिला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला. त्यातली नावं जरा मोठ्याने वाचा. खुद्री, कोळस, सिंघाला, नुकटा, बालुकी. दिसायला लॅटिन, पण ही तर आपल्या बाजारातली भाषा! साइक्सला मराठी येत होतं, त्यामुळे नदीकाठी जे नाव ऐकलं ते त्याने तसंच ठेवलं. रानकुत्र्याचंही त्याने दख्खनवरून बारसं केलं. ज्या भोयांनी मासे ओळखून सांगितले त्यांच्यापैकी कुणाचं नाव मात्र एकाही माशाला नाही. मला हे खटकतं. साहेबांच्या ओळखीतल्या विद्वानांची नावं माशांना मिळाली आहेत की!

विलायतेत गेल्यावर साइक्स १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १८५६ मध्ये कंपनीचा चेअरमन आणि १८५७ पासून अ‍ॅबरडीनचा खासदार. १८७२ मध्ये वारला.

त्याच्या खुद्रीचं नंतर काय झालं ते जास्त महत्त्वाचं. धरणं झाली, सुरुंग लावून मासेमारी सुरू झाली, मासा कमी झाला. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार करून ठिकठिकाणी सोडली गेली. चांगलंच केलं असं कुणीही म्हणेल. पण ती कावेरीतही सोडली आणि तिथला मूळचा कुबडा महसीर आता नामशेष होण्याच्या बेतात आहे. त्या माशाला शास्त्रीय नाव पक्कं मिळालं तेही २०१८ साली! म्हणजे नाव मिळेपर्यंत मासा जायची वेळ आली.

आणि आपली पंचगंगा? कबनूरपासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात जलपर्णी, फेस, आणि अधूनमधून काठाला लागलेला मेलेल्या माशांचा खच. तिथे गळ टाकायची इच्छाच होत नाही.

आमचा बेत आता असा आहे. डिसेंबरमध्ये राधानगरीच्या बाजूला दोन तंबू, वनखात्याची रीतसर परवानगी काढून. अभयारण्यात मासेमारी चालत नाही, त्यामुळे रॉडचे पैसे वाचले. थर्मामीटर लॅबमधून मागून घेणार आहोत. साइक्सच्या माशांची यादी मी वहीत उतरवून घेतली आहे, ती वाटेतल्या गावातल्या भोयांना दाखवायची आणि यातलं काय काय अजून जाळ्यात येतं ते विचारायचं. ज्याला यायचं असेल त्याने नाव द्यावं, तंबूत अजून तिघांची जागा आहे.