पहिल्या मोटारीची पहिली मेकॅनिक : बर्था बेन्झ

मोटारगाडीच्या जन्माची नोंद कार्ल बेन्झ यांच्या नावावर आहे. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी जर्मनीत घेतलेले ३७४३५ क्रमांकाचे पेटंट हा मोटारीचा जन्मदाखला मानला जातो. परंतु हे यंत्र मॅनहाइममधील कारखान्याच्या आवारातून बाहेर काढून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर नेण्याचे, वाटेत ते वरचेवर अडले असता मिळेल त्या साधनाने दुरुस्त करण्याचे आणि पुन्हा घरी आणण्याचे धाडस त्यांच्या पत्नीने केले. बर्था बेन्झ यांच्या या प्रवासाची कथा बहुतेकदा एका धाडसी स्त्रीची सफर म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. मात्र ज्याच्या दारात गाडी उभी आहे अशा कोणालाही त्यात आणखी एक गोष्ट दिसेल. गाडीच्या देखभालीची म्हणून आज जी कामे आपण गॅरेजवर सोपवतो, त्यांतील बरीचशी त्या प्रवासात प्रथमच करावी लागली.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी फोर्त्सहाइम या गावी झाला. हे गाव दागिने घडविणाऱ्यांचे म्हणून प्रसिद्ध. वडील बांधकाम व सुतारकामाच्या व्यवसायात चांगले स्थिरावले होते, घरात सुबत्ता होती. पुन्हा मुलगीच झाली याची खंत वडिलांनी घरच्या बायबलच्या पानावर नोंदवून ठेवली होती, असे सांगतात. पुढे याच मुलीला यंत्रांविषयी कमालीचे कुतूहल निर्माण झाले. १८६९ मध्ये एका सहलीत त्यांची कार्ल बेन्झ या तरुण अभियंत्याशी ओळख झाली. कार्ल यांच्याकडे पैसा नव्हता. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीची कल्पना मात्र होती. त्या काळी अशा कल्पनेवर कोणी मुलगी देण्याची शक्यता कमीच. बर्था यांनी आपला निर्णय स्वतः घेतला.

कार्ल यांनी १८७१ मध्ये मॅनहाइममध्ये ऑगस्ट रिटर या भागीदारासह यंत्रशाळा काढली. हा भागीदार लवकरच डोईजड झाला. त्याला बाजूला करण्यासाठी पैसा हवा होता आणि तो बर्था यांनी आपल्या हुंड्याच्या रकमेतून, तोही लग्नापूर्वीच, उभा करून दिला. २० जुलै १८७२ रोजी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे ओढगस्तीची होती. मुले होत होती, कर्ज वाढत होते आणि यंत्र चालत नव्हते. १८७९ च्या वर्षअखेरच्या रात्री पती-पत्नी पुन्हा एकदा कारखान्यात गेले आणि कार्ल यांचे दोन स्ट्रोकचे इंजिन प्रथमच सलग चालू राहिले. नववर्षाच्या स्वागताचा याहून वेगळा प्रकार क्वचितच कोणी पाहिला असेल.

पेटंट मिळाले, ३ जुलै १८८६ रोजी मॅनहाइमच्या रस्त्यावर गाडी लोकांनी पाहिलीही; पण गिऱ्हाईक येईना. कार्ल हे स्वभावाने काटेकोर. गाडी अजून परिपूर्ण नाही, हेच त्यांचे पालुपद. ती गावाबाहेर न्यावी, लांब पल्ला गाठावा, लोकांच्या मनातील भीती घालवावी, हे त्यांच्याकडून होत नव्हते. घरचा सारा पैसा ज्या यंत्रात अडकला होता, ते यंत्र असे आवारातच फिरत राहिले असते तर बेन्झ कुटुंबाचे काय झाले असते, याचा विचार बर्था यांनी केला असणारच.

ऑगस्ट १८८८ च्या सुरुवातीस, शाळांना सुट्टी असताना, एका पहाटे त्या १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिशार्ड या दोन मुलांना घेऊन निघाल्या. कार्ल यांना काही सांगितले नव्हते. फोर्त्सहाइमला आईकडे जात आहोत, एवढाच निरोप मागे ठेवला. रस्त्यावर गाडी चालविण्याचा लेखी परवाना कार्ल यांना नुकताच, १ ऑगस्ट रोजी मिळाला होता. तोही मॅनहाइम आणि लगतच्या काही गावांपुरता. त्यामुळे हा प्रवास पतीच्या संमतीविना होता, तसाच सरकारच्या संमतीविनाही.

ही गाडी म्हणजे तीन चाकांचा एक हलका सांगाडा. आसनाखाली, मागच्या बाजूस, एका सिलिंडरचे आडवे इंजिन आणि त्याचे मोठे आडवे चक्र. हे चक्र हाताने फिरवून इंजिन सुरू करावयाचे. इंजिनाची शक्ती एका पट्ट्याने आडव्या दांड्याकडे जाई आणि तेथून दोन साखळ्यांनी मागच्या चाकांकडे. १८८६ मधील पहिल्या गाडीची शक्ती एका अश्वशक्तीहूनही कमी होती आणि वेग तासाला सुमारे १६ किलोमीटर. बर्था यांनी नेलेली तिसरी आवृत्ती तिच्याहून जोरकस होती. तरी आजच्या साध्या स्कूटरपुढेही ती दुबळीच ठरेल. रेडिएटर नव्हता, पेट्रोल पंप जगात कोठेही नव्हता आणि बिघाड झाल्यास बोलवावा असा मेकॅनिकही अर्थातच नव्हता.

पहिली अडचण पाण्याची. इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि त्याबरोबर उष्णता बाहेर पडे. याचा अर्थ पाणी सतत भरत राहणे. विहीर, ओढा, खानावळ, जेथे पाणी दिसेल तेथे मायलेकांना थांबावे लागले. आजच्या गाडीत तेच पाणी कूलंटच्या रूपाने बंद नळ्यांतून फिरते, म्हणून आपण ते विसरून जातो. त्याची पातळी इंजिन थंड असताना, बाजूच्या पारदर्शक डब्यावरील खुणांमध्ये पाहावयाची असते. गाडी तापली म्हणून घाईने रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर दाबाखालील उकळते पाणी उडते. भाजल्याच्या अशा घटना दर उन्हाळ्यात घडतात. नळाचे पाणी सतत ओतत राहिल्यास त्यातील क्षार नळ्यांत साचतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण इंधनाची. गाडीत केवळ साडेचार लिटर इंधन मावत होते. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी वापरले जाणारे लिग्रोइन हेच ते इंधन आणि ते मिळे औषधाच्या दुकानात. विस्लोख गावातील औषधविक्रेता विली ओकेल यांच्याकडे बर्था यांनी ते मागितले. एका डागासाठी लागते त्याहून कितीतरी अधिक मागणी ऐकून हा गृहस्थ चक्रावला असणार. या खरेदीमुळे त्याचे दुकान जगातील पहिले पेट्रोल पंप म्हणून इतिहासात गेले.

त्यानंतर बिघाडांची मालिका सुरू झाली. इंधनाच्या नळीत कचरा अडकला आणि इंजिन बंद पडले. बर्था यांनी टोपीला लावलेली लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. आज हे काम फ्युएल फिल्टर करतो, आणि तो बदलण्याचे किलोमीटर उलटून गेले तरी बहुतेकांना त्याची आठवण होत नाही. चढावर गाडी दम टाकू लागली की मगच होते. पुढे ठिणगीच्या तारेवरील आवरण घासून गेले आणि वीज भलतीकडेच जाऊ लागली. पायमोजे वर धरून ठेवणारा आपला लवचीक पट्टा काढून बर्था यांनी तो तारेभोवती गुंडाळला. पावसाळ्यात उंदीर गाडीच्या वायरी कुरतडतात, हा अनुभव मुंबई-पुण्यातील अनेकांना आहे. अशा वेळी चिकटपट्टी गुंडाळून घर गाठणे समजण्यासारखे आहे. मात्र तिच्यावर महिनोन्‌महिने विसंबून राहणे धोक्याचे, कारण उघड्या तारेची ठिणगी आणि पेट्रोलची वाफ यांचे वैर जुने आहे. ही वाफ हवेहून जड असते आणि जमिनीलगत पसरते.

साखळ्या ताणल्या गेल्या तेव्हा ब्रुखसाल येथील लोहाराची मदत घ्यावी लागली. आजच्या अनेक इंजिनांत साखळीऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो ताणला गेल्याची वर्दी देत नाही, सरळ तुटतो; आणि कित्येक इंजिनांत मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून दुरुस्तीचा खर्च इतका वाढतो की मालक कपाळाला हात लावतो. किती किलोमीटरनंतर तो बदलावा, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेले असते. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातून बाहेर काढण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

दुर्लाख ओलांडल्यावर चढ सुरू झाले. गाडीत तेवढा जोर नव्हता. हलके म्हणून धाकट्याला सुकाणूवर बसवावे आणि इतर दोघांनी ढकलावे, अशीही वेळ आली. उतारांवर प्रश्न नेमका उलटा होता. ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. घर्षणाने ते झिजत आणि तापत. यावर बर्था यांनी जो उपाय केला तो या साऱ्या प्रवासातील सर्वांत मोलाचा म्हटला पाहिजे. बाउश्लॉट गावातील एका चर्मकाराकडून त्यांनी या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. झिजायचे ते चामडे झिजेल, ते काढून नवे लावता येईल, आणि मूळ ब्रेक शाबूत राहील, ही साधी युक्ती. ब्रेकला अस्तर लावण्याच्या पद्धतीची सुरुवात येथून झाली असे मानतात. आज आपण लायनर आणि ब्रेक पॅड म्हणून ज्या वस्तू बदलून घेतो, त्या याच चामड्याच्या वंशातील.

म्हणूनच पॅड वेळेवर न बदलणे हा या शोधाचाच अनादर ठरतो. झिजण्यासाठीच केलेली वस्तू पूर्ण झिजू दिली, की पाठीमागची पोलादी पट्टी डिस्कवर घासते, खरखर आवाज येतो आणि शंभरांचे काम हजारांत जाते. पैशाचे सोडा, घाट उतरताना ब्रेक लागला नाही तर काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाचा अटकाव वापरावा, असे जुने ट्रकचालक सांगतात. सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि ब्रेक ऑइल जुने होऊन त्यात ओलावा शिरला असेल तर ते उकळून पायाखालचे पेडल मऊ पडते. हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे असे अनेक उत्पादक सुचवितात. सर्व्हिसिंगच्या बिलात मात्र गाडी धुण्याची आणि चकाकी देण्याची कलमेच आधी वाचली जातात.

सुमारे १०६ किलोमीटर अंतर कापून मायलेक संध्याकाळी फोर्त्सहाइमला पोहोचले. सुखरूप पोहोचल्याची तार बर्था यांनी कार्ल यांना केली. काही दिवसांनी त्या दुसऱ्या, थोड्या जवळच्या मार्गाने गाडी चालवीतच परतल्या. येताना त्यांनी बरोबर आणले ते तक्रारींचे एक गाठोडे. चढ चढताना गाडी अडते, ब्रेक पुरेसा नाही. कार्ल यांनी या सूचना मनावर घेतल्या. चढासाठी आणखी एक गिअर बसविण्यात आला, ब्रेकला अस्तर आले. प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवून दोष शोधण्याची जी चाचणी आज प्रत्येक कंपनी करते, ती या घरात एका आईने मुलांच्या सुट्टीत करून टाकली. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात बेन्झ यांच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले.

पुढचा इतिहास वेगाने घडला. १८९४ मध्ये आलेली बेन्झ व्हेलो ही छोटी गाडी चांगली खपली आणि शतक संपता संपता बेन्झ यांचा कारखाना जगातील सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यांत गणला जाऊ लागला. १९०३ मध्ये मतभेदांमुळे कार्ल यांनी कंपनीच्या कारभारातून अंग काढून घेतले. हे दाम्पत्य नंतर जवळच्या लाडेनबुर्ग येथे राहावयास गेले आणि तेथे मुलांबरोबर नवा कारखाना उभारला. १९२५ मध्ये कार्ल यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १८८८ चा प्रवास त्यात आहे आणि पडत्या काळात आपल्या पाठीशी एकटी पत्नीच उभी होती, याची कबुलीही आहे. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेन्झ या कंपन्या एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्ल यांचे निधन झाले. बेन्झ हे नाव असलेल्या गाड्या १९९५ पासून पुण्याच्या परिसरात जोडल्या जाऊ लागल्या. या नावामागे एका नववधूच्या हुंड्याचा पैसा आहे, हे त्या गाड्यांकडे पाहताना फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

बर्था त्यानंतर पंधरा वर्षे जगल्या. दोन महायुद्धे त्यांनी पाहिली, आणि ज्या यंत्रासाठी त्यांनी पाणी शोधीत गावोगाव थांबे घेतले, त्याच्याच वंशजांवरून सैन्ये जाताना पाहिली. ज्या कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेत कार्ल शिकले होते, तिने बर्था यांना ९५ व्या वाढदिवशी, ३ मे १९४४ रोजी मानद सिनेटरपद दिले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्ग येथील घरी त्यांचे निधन झाले.

२००८ मध्ये त्यांचा जाण्या-येण्याचा मार्ग फलक लावून निश्चित करण्यात आला. त्याची एकूण लांबी १९४ किलोमीटर असून मॅनहाइमहून निघणारा हा रस्ता आजही विस्लोखच्या त्या औषधाच्या दुकानावरून जातो.