सिगारेटी वाटणारा धर्मोपदेशक

ब्रिटिश सैन्यातील ख्रिस्ती धर्मोपदेशकाला सैनिक ‘पाद्रे’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज असलेला हा शब्द हिंदुस्थानातील छावण्यांतून ब्रिटिश सैन्यात गेला. मराठीतील ‘पाद्री’ त्याचाच सख्खा भाऊ होय. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या सैन्यात असे अवघे ११७ पाद्री होते. १९१८ च्या नोव्हेंबरपर्यंत त्यांची संख्या साडेतीन हजारांच्या घरात गेली. त्यांना अधिकाऱ्याचा हुद्दा होता, सरकारी वेतन होते. हाती शस्त्र मात्र नव्हते. शत्रूवर प्रेम करा असे सांगणाऱ्या धर्माचा सेवक शत्रूला मारावयास निघालेल्यांच्या पंक्तीत कोणत्या नात्याने बसतो, या प्रश्नाला बहुतेकांनी बगल दिली. जेफ्री स्टडर्ट केनेडी यांना ती देता आली नाही. अर्थात प्रश्नाची धग जाणवावयास त्यांनाही काही काळ जावा लागला.

केनेडी यांचा जन्म १८८३ मध्ये लीड्स येथे झाला. वडील तेथील एका दरिद्री वस्तीतील चर्चचे धर्मगुरू होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण आटोपून केनेडीही त्याच मार्गाने गेले आणि १९१४ मध्ये वूस्टर येथील सेंट पॉल चर्चचे धर्मगुरू झाले. युद्ध पुकारले गेले तेव्हा धडधाकट तरुणांनी सैन्यात जावे, असे त्यांनी आपल्या भाविकांना निःशंकपणे सांगितले. १९१५ च्या अखेरीस दम्याची व्यथा असतानाही ते स्वतः फ्रान्सला गेले.

प्रारंभी त्यांची नेमणूक रूआँ येथे होती. आघाडीकडे जाणाऱ्या सैनिकांच्या गाड्या तेथून सुटत. कॅन्टीनमध्ये ते सैनिकांबरोबर गाणी म्हणत, ज्यांना घरी पत्र लिहावयाचे असे त्यांची पत्रे लिहून देत. गाडी निघावयाची वेळ झाली की डब्याडब्यापाशी जाऊन एका पिशवीतून बायबलच्या नव्या कराराच्या प्रती आणि दुसरीतून वुडबाइन सिगारेटी वाटीत. वुडबाइन ही कामगारवर्गाची स्वस्त सिगारेट, आपल्याकडील विडीच्याच पंक्तीतली. सैनिकांनी त्यांचे नाव वुडबाइन विली ठेवले आणि ते जन्मभर चिकटले. लोकप्रिय टोपणनावाचा एक तोटा असा, की ते उच्चारले की माणूस समजला असे वाटू लागते.

सैन्यानेही त्यांच्या वक्तृत्वाचा उपयोग करून घेतला. मुष्टियोद्धे आणि कुस्तीगीर यांच्यासमवेत छावण्याछावण्यांतून हिंडून संगिनीच्या शिक्षणासाठी सैनिकांना चेतविण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते उत्साहाने केले. त्यांचे चरित्र लिहिताना हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. पुढे युद्धाला त्यांनी जो विरोध केला, त्याचे वजन यामुळेच वाढते.

खंदकांतील पाद्र्याने काय करावे? थिओडोर हार्डी हे पन्नाशी ओलांडलेले शाळामास्तर नव्याने पाद्री होऊन आले, तेव्हा त्यांनी केनेडी यांना हाच प्रश्न विचारला होता. सैनिकांत राहा, ते जातील तेथे जा, असे केनेडी यांच्या उत्तराचे सार होते. त्या युद्धात अँग्लिकन पाद्र्यांना आरंभी अगदी पुढच्या फळीत जाण्याची मुभा नव्हती. मागे सुरक्षित राहून उपदेश करणारा अशी त्यांची प्रतिमा झाली होती, ती त्यामुळेच. हार्डी यांनी तो सल्ला अक्षरशः पाळला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून ते १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये रूआँ येथेच जखमांनी मरण पावले.

केनेडी यांना १९१७ मध्ये मेसीन येथील लढाईत मिलिटरी क्रॉस मिळाला. तोफांच्या माऱ्यात बॉम्बगोळ्यांच्या खड्ड्यांतून ते जखमींना शोधत हिंडले आणि त्यांना मलमपट्टीच्या ठाण्यावर पोहोचविण्यास त्यांनी साह्य केले. या जखमींत शत्रूचेही सैनिक होते, अशी नोंद खुद्द सन्मानपत्रातच आहे. ज्यांना भोसकण्याची कला शिकविणाऱ्या पथकाबरोबर ते हिंडले होते, त्यांनाच आता ते खड्ड्यांतून उचलून आणीत होते.

या अनुभवाने त्यांच्या ईश्वरकल्पनेचाच पाया ढासळला. सिंहासनावर बसून जगाची सूत्रे हलविणारा सर्वशक्तिमान परमेश्वर हे सारे चालू देतो, हे त्यांना पटेना. ईश्वर असेल तर तो त्या खड्ड्यातील जखमीबरोबर यातना भोगणारा असला पाहिजे, असे त्यांनी १९१८ च्या ‘द हार्डेस्ट पार्ट’ या पुस्तकात मांडले. अनेक धर्मनिष्ठांना हा पाखंडीपणा वाटला. त्याच वर्षी सैनिकांच्या रांगड्या बोलीतील त्यांचा कवितासंग्रह निघाला आणि तो अफाट खपला. युद्ध हे पाप आहे, हे ते आता उघडपणे सांगू लागले.

शांततेच्या काळात परतलेल्या सैनिकांपुढे बेकारी उभी राहिली, आणि केनेडी यांनी उद्योगधंद्यांकडे मोर्चा वळविला. १९२२ मध्ये त्यांना लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरील सेंट एडमंड हे चर्च मिळाले. लोम्बार्ड स्ट्रीट म्हणजे ब्रिटिश बँकव्यवसायाचे माहेरघर. तेथे रहिवासी असे थोडेच. त्यामुळे इंडस्ट्रियल ख्रिश्चन फेलोशिप या संस्थेच्या वतीने देशभर व्याख्याने देत फिरावयास ते मोकळे राहिले. त्यांचे अर्थशास्त्र काटेकोर नव्हते. वेतन, नफा, मागणी यांचे परस्परसंबंध उलगडण्यापेक्षा मालक आणि मजूर यांच्या सदसद्विवेकाला हाक घालणे त्यांना सोपे वाटे, आणि अशा हाकेने वेतनाचा दर बदलत नाही. परंतु बेकारी हा केवळ आकड्यांचा प्रश्न नाही, हे त्यांना अनेक अर्थशास्त्रज्ञांच्या आधी कळले होते. कोणत्याही राजकीय पक्षाला त्यांनी स्वतःला बांधून घेतले नाही, तरी समाजवादी हा शिक्का बसलाच.

या भ्रमंतीने दम्याने पोखरलेले शरीर थकले. व्याख्यानांसाठी लिव्हरपूलला गेले असता ८ मार्च १९२९ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व तीन मुलगे होते. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे दफन व्हावे अशी सूचना पुढे आली, पण समाजवाद्याला तेथे जागा नाही म्हणून ॲबीच्या डीनने ती फेटाळली, असे सांगितले जाते. वूस्टरच्या रस्त्यांवर मात्र माणसांची रीघ लागली, आणि गर्दीतील कोणीतरी शवपेटीवर वुडबाइनचे पाकीट ठेवले.