कॅथरीन ब्लॉजेट

कॅथरीन बर ब्लॉजेट (१० जानेवारी १८९८ – १२ ऑक्टोबर १९७९) या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होत्या. घन पृष्ठभागावर एकेका रेणूच्या जाडीचे थर मोजून चढविण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. अर्व्हिंग लँगम्यूर यांच्या नावासह ती लँगम्यूर–ब्लॉजेट पद्धत म्हणून ओळखली जाते.

जीवन

ब्लॉजेट यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे झाला. त्यांचे वडील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पेटंटविषयक वकील होते. कॅथरीन यांच्या जन्माच्या काही आठवडे आधी घरात शिरलेल्या चोराने झाडलेल्या गोळीने त्यांचा मृत्यू झाला. ब्रिन मॉर महाविद्यालयातून १९१७ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी शिकागो विद्यापीठात, वायुमुखवट्यांत वापरल्या जाणाऱ्या कोळशावर संशोधन केले. १९१८ मध्ये त्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत लँगम्यूर यांच्या साहाय्यक झाल्या. तेथील त्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ होत. १९२६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील पीएच.डी. मिळविणाऱ्याही त्या पहिल्या महिला ठरल्या.

थर चढविण्याची पद्धत

स्टिअरिक आम्लासारखा तेलकट पदार्थ पाण्यावर पसरला की त्याचा एका रेणूइतका जाड थर तयार होतो, हे लँगम्यूर यांनी आधीच दाखविले होते. ब्लॉजेट यांनी बेरियम क्षार मिसळलेल्या पाण्यात काचपट्टी सावकाश खालीवर करून हा थर काचेवर उचलला. योग्य परिस्थितीत पट्टी खाली जाताना एक आणि वर येताना दुसरा थर बसतो. प्रत्येक थराची जाडी सुमारे २.४ नॅनोमीटर असते. १९३५ मध्ये त्यांनी ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली.

खरी अडचण दाब स्थिर राखण्याची होती. रेणू काचेवर जाऊ लागले की पाण्यावरचा थर विरळ होतो आणि पुढचा थर नीट बसत नाही. यासाठी पाण्यावर मेण लावलेला रेशमी धागा तरंगत ठेवून त्याच्या पलीकडे एरंडेल किंवा ओलेइक आम्लाचा थेंब सोडला जाई. पसरू पाहणारे तेल ठराविक दाबाने धागा पुढे ढकलत राही आणि रिकामी झालेली जागा आपोआप भरून निघे. विजेविना चालणारे हे नियंत्रण साधे होते, पण पाण्याची आम्लता बिघडली किंवा भांडे अस्वच्छ राहिले तर सगळा प्रयोग फसे.

किती थर बसले हे मोजलेल्या फेऱ्यांवरून कळे. त्याची खात्री रंगावरून करता येई, कारण प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे जाडी बदलताच परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. त्यामुळे ठराविक जाडीच्या पायऱ्या असलेली काचपट्टी त्यांनी मोजपट्टी म्हणून तयार केली. अज्ञात थराचा रंग तिच्याशी ताडून पाहिला की त्याची जाडी समजत असे.

परावर्तनरहित काच

१९३८ च्या अखेरीस त्यांनी ४४ थर चढविलेली, प्रकाश जवळजवळ परावर्तित न करणारी काच जाहीर केली. आवरणाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे चतुर्थांश ठेवल्याने त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे किरण एकमेकांना नष्ट करतात. मात्र हे आवरण फारच मऊ होते. पुसताच निघून जाई. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील कार्टराइट आणि टर्नर यांनी निर्वातात फ्लोराइडची वाफ करून अधिक टिकाऊ थर बसविले. भिंगांच्या उद्योगाने पुढे ही निर्वात पद्धतच स्वीकारली.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात ब्लॉजेट यांनी धुराचे पडदे आणि विमानांच्या पंखांवर साचणारा बर्फ या विषयांवर काम केले. १९५१ मध्ये त्यांना अमेरिकन केमिकल सोसायटीचे गार्व्हन पदक मिळाले. १९६३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. स्केनेक्टडी येथेच त्यांचे निधन झाले.

आज निर्वात यंत्रांत थराची जाडी कंपन पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या वारंवारतेवरून मोजली जाते. रेणूंचे थर चढविण्याच्या उपकरणांत रेशमी धाग्याच्या जागी मोटरने सरकणारा अडसर असतो. दाबमापकाच्या नोंदीनुसार तो पुढेमागे होतो आणि पृष्ठदाब स्थिर ठेवतो.