नास्तिकाच्या घरातली पूजा

मागच्या वर्षी ऐन महालक्ष्म्यांच्या सणात आमच्या घरी रामायण घडलं. अमरावतीला कॉलेजात शिकणारी माझी लेक दोन दिवस आधीच अकोल्याला आली होती. तिनं सोळा भाज्या निवडल्या, पुरण वाटलं, आंबील ढवळली. पण आरतीची वेळ झाली तशी ती मागे सरकली. आपला देवावर विश्वास नाही, उगीच खोटे हात जोडणार नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी मात्र भडकले. सवाष्णी जेवायला आलेल्या, चार बाया काय म्हणतील? नाही नाही ते बोलले मी पोरीला. रात्री ती न जेवताच झोपली.

मैत्रिणींनो, त्यानंतर मी वाचनालयातून गोपाळ गणेश आगरकरांचं चरित्र आणलं. शाळेत त्यांच्यावर धडा होता, तेव्हा जन्म-मृत्यूच्या तारखा पाठ केल्या आणि पेपर झाल्यावर विसरून गेले. माणूस काही कळला नव्हता. देव न मानणारा एवढंच डोक्यात राहिलं होतं. म्हटलं, बघू तरी, असा माणूस घरात कसा वागत होता!

आगरकर जन्मले १४ जुलै १८५६ ला, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी. घरची अतिशय गरिबी. शिक्षणासाठी हा मुलगा कऱ्हाड, रत्नागिरी असा वणवण फिरला आणि शेवटी नातेवाइकांच्या आधारानं आपल्या अकोल्याला आला. हो, आपल्या अकोल्याला! इथल्याच शाळेतून १८७५ साली ते मॅट्रिक झाले. इथंच त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक भेटले. अकोल्याहून निघणाऱ्या ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात ते विद्यार्थी असतानाच लिहू लागले. पुढे साऱ्या महाराष्ट्राला हलवून सोडणारी लेखणी पहिल्यांदा चालली ती वऱ्हाडात, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे?

मग ते पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असे दिवस त्यांनी काढले. एम. ए. होत आले तेव्हा आईला वाटलं असणार, आता पांग फिटतील. कोणत्या आईला वाटणार नाही? पण या मुलानं आईला पत्र लिहून कळवलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार. ते पत्र वाचताना त्या माउलीच्या पोटात काय कालवलं असेल, हेच माझ्या मनात आलं.

आणि बोलल्याप्रमाणे ते वागलेही. चिपळूणकर-टिळकांनी १८८० मध्ये काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकवू लागले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकरच. कोल्हापूरच्या कारभाऱ्यावर लिहिल्याबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि ते दोघंही डोंगरीच्या तुरुंगात गेले. १०१ दिवस एकत्र काढले. एवढी जिवलग मैत्री!

पण ही मैत्री पुढे तुटली. आधी स्वराज्य की आधी समाजाची सुधारणा, यावरून दोघांचं फाटलं. आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचा ‘सुधारक’ काढला. मिल, स्पेन्सर यांची पुस्तकं वाचून त्यांचं मत पक्कं झालं होतं, की कुठलीही गोष्ट पोथीत आहे म्हणून खरी धरायची नाही, ती बुद्धीच्या कसोटीवर घासून बघायची. माणसानं चांगलं वागावं ते नरकाच्या भीतीनं नव्हे, तर दुसऱ्याचं दुःख कळतं म्हणून. देवाच्या कल्पना माणसाच्या मनात कशा आल्या, सोवळं कशासाठी, प्रेतसंस्कारांवर एवढा खर्च कशाला, अशा प्रश्नांवर त्यांनी सडेतोड लेख लिहिले.

आणि बायांनो, या सगळ्या लिहिण्यात ते सारखे आपल्याकडे वळतात. मुलींना मुलांसारखंच आणि मुलांबरोबरच शिक्षण द्या, असं ते तेव्हा सांगत होते. पाळण्यात लग्नं लावू नका, विधवेचे केस कापू नका, हे धर्म नव्हे तर क्रूरपणा आहे, असं ते लिहीत. बायकांनी काय घालावं यावरसुद्धा त्यांनी लिहिलं. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून केवढा गदारोळ झाला! नवऱ्यानं बायकोशी शरीरसंबंध ठेवायला तिचं वय किमान बारा हवं, दहा नको, एवढीच ती सुधारणा. आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले, टिळक विरोधात.

याची किंमत त्यांनी मोजली. पुण्यातल्या सनातनी लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. स्वतःची तिरडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची! आणि त्यांच्या पत्नीनं, यशोदाबाईंनी? कपाळाला कुंकू लावलेल्या बाईला आपल्या धन्याची खोटी प्रेतयात्रा निघाल्याचं कळतं, तेव्हा तिचं काय होत असेल? माझ्या अंगावर तर काटा आला.

खरी गोष्ट पुढेच आहे. या यशोदाबाई भाविक होत्या. पूजाअर्चा, व्रतं करणाऱ्या. साऱ्या महाराष्ट्राला देवाधर्माबद्दल प्रश्न विचारणारा हा माणूस बायकोच्या पूजेच्या मात्र कधी आड आला नाही. लोकांना पटवायला त्यांनी शब्द वापरले, बळजबरी नाही. ज्याचं स्वातंत्र्य मागायचं, ते घरात बायकोलाही द्यायचं, हा त्यांचा सरळ हिशेब. आणि यशोदाबाईंनीही ना देव सोडले, ना नवऱ्याची साथ. गरिबी, दमा, लोकांचे टोमणे, सगळं त्यांनी त्याच घरात सोसलं.

आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ ला गेले. वयाची एकोणचाळीसही पूर्ण नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी तेवढे पैसे आधीच बांधून ठेवले होते, असं सांगतात. भांडण झालेल्या टिळकांनीच ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

हा झगडा काही आपल्याच घरचा नाही. आगरकर पुण्यात लिहीत होते त्याच काळात अमेरिकेत रॉबर्ट इंगरसॉल नावाचा वक्ता बायबलवर शंका घेणारी भाषणं देत फिरत होता. लोक गर्दीही करत आणि शिव्याही देत. पुढे तिथल्या शाळांत सकाळी बायबल वाचायची सक्ती नको, म्हणून मॅडलिन मरे नावाची एक आई मुलासाठी कोर्टात गेली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूनं लागला, पण धमक्या तिनं भरपूर सोसल्या. आणि आपल्या महाराष्ट्रात तर २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घालून मारलं. आगरकरांची खोटी तिरडी निघाली होती, इथं खरीच निघाली.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा? हातात खराटा घेऊन ते गावं झाडत आणि कीर्तनात देवाच्या नावानं बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, असं कळवळून सांगत. ते देवाचं नाव घेत, आगरकर घेत नसत. पण दोघांचा राग एकाच गोष्टीवर होता. तेव्हा कोण आरती म्हणतो यावरून माणूस ओळखायचा, की कोणासाठी झिजतो यावरून?

पुस्तक संपवलं आणि मी लेकीला फोन केला. तुझं मत मला पटत नाही, पण त्या दिवशी बोलले ते चुकलं, असं सांगितलं. पलीकडे ती बराच वेळ गप्पच होती. मग आजीची तब्येत कशी आहे, विचारलं.

सासूबाईंचा रुसवा अजून पुरता गेलेला नाही. यंदाही महालक्ष्म्या येतील. मी आरती करीन, पोरगी पुरण वाटेल. हात जोडायचे की नाही, ते तिचं ती ठरवेल. फक्त या वर्षी माझ्या घरातून कोणी उपाशी झोपणार नाही, एवढं मी ठरवलंय.