एका मासिकाचे स्वप्न : कथालेखक व संपादक एडगर अॅलन पो

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे अशी चिटणीसमहाशयांची आज्ञा झाली, तेव्हा कोणाचे चरित्र निवडावे असा प्रश्न आम्हांस पडला. संतांची व देशभक्तांची चरित्रे या पानांतून पुष्कळ येऊन गेली आहेत आणि ती आमच्याहून अधिकारी मंडळींनी लिहिलेली आहेत. आम्ही शाळेत असता मुलांचे एक हस्तलिखित मासिक बरीच वर्षे चालविले. त्यामुळे मासिक काढणे म्हणजे काय प्रकरण असते, हे थोडेबहुत ठाऊक झाले. म्हणून ज्याच्या भयकथा आजही अंगावर काटा आणतात आणि ज्याने जन्मभर स्वतःच्या मासिकाचा ध्यास घेतला, त्या अमेरिकन लेखकाची हकिकत सांगण्याचे योजिले आहे.

पोचा जन्म 19 जानेवारी 1809 रोजी बोस्टन शहरी झाला. आईबाप दोघेही नाटकमंडळीत नट. बाप लवकरच घर सोडून गेला आणि 1811 च्या डिसेंबरात आई रिचमंड येथे वारली. तीन वर्षांचेही वय नसलेल्या त्या पोरास तेथील व्यापारी जॉन अॅलन यांच्या पत्नीने घरी नेले. मूल वाढले, इंग्लंडात शिकले, ‘अॅलन’ हे नावही त्यास मिळाले. परंतु कायदेशीर दत्तविधान मात्र कधीच झाले नाही. या एका गोष्टीचा अर्थ आपल्या वाचकांस वेगळा सांगावयास नको. घरात वाढलेला, पण घरचा नव्हे, अशी त्याची अवस्था अखेरपर्यंत राहिली. 1826 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात असता त्याने जुगारात कर्ज केले. अॅलन यांनी ते फेडण्याचे नाकारले. पालकाने पैसे अपुरे दिले हे खरे, पण जुगार तो जुगारच. आम्ही दोघांसही दोष देतो. पुढे पोने नाव बदलून सैन्यात नोकरी केली, वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेतून 1831 मध्ये बडतर्फी ओढवून घेतली, आणि 1834 मध्ये अॅलन निवर्तले तेव्हा मृत्युपत्रात त्याच्या नावे छदामही नव्हता.

त्यास खरे आश्रयस्थान मिळाले ते बाल्टिमोरला, आपल्या आत्याकडे. मारिया क्लेम ही विधवा स्वतःच अठराविश्वे दारिद्र्यात होती. तरी तिने भाच्यास घरात घेतले. तेथूनच 1833 मध्ये एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत त्याच्या कथेस 50 डॉलरांचे बक्षीस मिळाले. परीक्षकांपैकी केनेडी या गृहस्थांच्या शिफारशीने 1835 मध्ये रिचमंडच्या ‘सदर्न लिटररी मेसेंजर’ या मासिकात त्याचा शिरकाव झाला. पुढच्याच वर्षी त्याने आत्याची मुलगी व्हर्जिनिया हिच्याशी विवाह केला. वर सत्तावीस वर्षांचा व वधू तेराची. आपल्या आजे-पणज्यांच्या काळी हे सर्रास होते, म्हणून आम्ही ते योग्य ठरवू इच्छीत नाही.

आता त्याच्या संपादकीय कामाविषयी. ‘मेसेंजर’नंतर फिलाडेल्फियास 1839 मध्ये ‘बर्टन्स’ मासिक, 1841 मध्ये ‘ग्रॅहम्स’ मासिक, अशा नोकऱ्या त्याने केल्या. मुद्रिते तपासणे, पुस्तक-परीक्षणे लिहिणे, रिकामी राहिलेली पाने भरणे, सर्व काही त्याच्या माथी असे. हस्ताक्षर मोत्यासारखे. थोर लेखकांच्या सह्यांवरून त्यांचा स्वभाव सांगणारी एक गमतीदार लेखमालाही त्याने चालविली होती; आम्हां मास्तर लोकांस ती विशेष आवडावी. परीक्षणांत मात्र त्याची लेखणी कुऱ्हाडीसारखी चाले. लाँगफेलोसारख्या सज्जन कवीवर त्याने वाङ्मयचौर्याचा आरोप केला, तो आमच्या मते अन्यायाचा होता व त्याने शत्रू मात्र वाढले. ‘ग्रॅहम्स’चा खप त्याच्या कारकिर्दीत भराभर वाढला, पगार तेवढा वर्षास 800 डॉलर तो 800 च राहिला. चित्रांवर व वेषभूषेच्या पानांवर मालक पैसा ओती, हे त्यास सलत असे.

त्या काळी अमेरिकेत परदेशी लेखकांच्या हक्कास कायद्याचे संरक्षण नव्हते. ते 1891 मध्ये आले. डिकन्सचे पुस्तक फुकट छापता येत असता देशी लेखकास पैसे कोण देणार? पोचा दोन भागांचा कथासंग्रह 1839 च्या अखेरीस निघाला, त्याबद्दल त्यास रोख काही न मिळता केवळ काही प्रती मिळाल्या. त्यास मासिकेच तारू शकत होती, आणि कथेचे त्याचे शास्त्रही मासिकाच्या पानांतूनच जन्मले. एका बैठकीत वाचून संपावी, आणि पहिल्या वाक्यापासून प्रत्येक शब्द एकाच परिणामाकडे वळावा, असा त्याचा दंडक होता. तो त्याने 1842 मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना मांडला. भुतेखेते त्याच्या कथांत फारशी नाहीत. अशर घराण्याच्या कथेत वाडा व वंश एकदमच कोसळतात. 1843 च्या ‘टेल-टेल हार्ट’ या कथेत खुनी मनुष्यास फळ्यांखाली पुरलेल्या म्हाताऱ्याचे काळीज ठोकताना ऐकू येते आणि तो आपण होऊन गुन्हा कबूल करतो. भय बाहेर नाही, मनात आहे, हे त्याने दाखविले. 1841 मधील ‘रू मॉर्ग’ची कथा तर आजच्या साऱ्या गुप्तहेरकथांची आजी म्हणावी लागेल.

स्वतःच्या मासिकाचे पत्रक त्याने प्रथम 1840 मध्ये काढले, नाव ‘पेन’. पुढे ते ‘स्टायलस’ झाले. कोणा धनिकाच्या वा टोळीच्या ओंजळीने पाणी न पिणारे, निर्भीड मत देणारे, उत्तम कागदावर छापलेले, वर्षास 5 डॉलर वर्गणीचे मासिक. 1843 मध्ये एक भागीदार मिळाला, तेव्हा सरकारी नोकरी व वर्गणीदार मिळविण्यासाठी पो वॉशिंग्टनला गेला आणि तेथे दारू पिऊन सारे काम बिघडवून आला. त्यास दारू अगदी थोडीही सोसत नसे. हे ठाऊक असूनही तो पीत असे. वर्गणीसाठी दारोदार हिंडलेल्या आपल्या कार्यकर्त्यांस या प्रसंगाचे विशेष वाईट वाटेल.

1845 च्या जानेवारीत ‘रेव्हन’ ही कविता प्रसिद्ध होताच त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. पैसा मात्र आला नाही. त्याच वर्षी ‘ब्रॉडवे जर्नल’ हे साप्ताहिक उसनवारीवर त्याच्या मालकीचे झाले आणि 3 जानेवारी 1846 च्या अंकानंतर बंद पडले. संपूर्ण स्वतःचे असे पत्र त्यास लाभले ते एवढे काही आठवडे. घरी व्हर्जिनिया क्षयाने खंगत होती. फोर्डहॅमच्या त्या लहानशा घरात गवताच्या बिछान्यावर, अंगावर नवऱ्याचा जुना सैनिकी डगला व ऊब म्हणून छातीशी मांजर, अशा स्थितीत ती पडून असे. आत्याबाई भाच्याची हस्तलिखिते घेऊन कचेऱ्या हिंडत. 30 जानेवारी 1847 रोजी व्हर्जिनिया गेली.

1849 मध्ये इलिनॉय प्रांतातील पॅटर्सन नावाच्या तरुणाने ‘स्टायलस’साठी भांडवल देऊ केले. मुखपृष्ठाची आकृती पोने स्वहस्ते काढली. वर्गणीदार जमवीत तो रिचमंडला गेला, 27 सप्टेंबरास तेथून निघाला, आणि 3 ऑक्टोबर रोजी बाल्टिमोरच्या एका खानावळीत, परक्याच्या कपड्यांत, बेशुद्धप्राय सापडला. 7 तारखेस त्याने रुग्णालयात देह ठेवला. मधल्या दिवसांचे गूढ आजवर उकललेले नाही.

‘ग्रॅहम्स’मध्ये पोच्या जागी आलेला ग्रिझवोल्ड हाच त्याच्या ग्रंथांचा संपादक झाला. त्याने टोपणनावाने विखारी मृत्युलेख लिहिला; पुढे 1850 च्या चरित्रलेखात पोच्या पत्रांत बनावट मजकूरही घुसडला. क्विन या प्राध्यापकांनी मूळ पत्रांशी ताडून तो खोटेपणा सप्रमाण उघडा केला, तो 1941 मध्ये. तोवर त्या मृत माणसाची बाजू मांडण्याचे जे प्रयत्न झाले ते अपुरेच पडले. मद्यपी होता, हट्टी होता, हे आम्हीही लपविलेले नाही. परंतु खोटी पत्रे रचणाऱ्याच्या हाती त्याचे नाव सोपवावे, एवढा त्याचा अपराध नव्हता.

त्याच्या अंत्यविधीस मोजकीच माणसे होती. बाल्टिमोरमधील शाळाशिक्षकांनी व मुलांनी पै-पैसा जमविण्यास आरंभ करून अखेर 1875 मध्ये त्याच्या अस्थींवर संगमरवरी स्मारक उभारले. दहा वर्षांनी व्हर्जिनियाच्या अस्थीही तेथे आणण्यात आल्या. त्या दगडावर जन्मतारीख मात्र 19 ऐवजी 20 जानेवारी कोरली गेली आहे.