सरासरी माणसाचा शोध

व्यायामशाळेत किंवा आरोग्य शिबिरात यंत्रावर अनवाणी उभे राहायचे, दोन्ही हातांत दांडे धरायचे आणि मिनिटभरात कागदाची पट्टी हाती येते. बीएमआय इतका, चरबी इतके टक्के, स्नायू इतके किलो. एखाद्याचा चेहरा खुलतो, एखाद्याचा उतरतो. या पट्टीवरच्या पहिल्या आकड्याचे मूळ जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बेल्जियन खगोलशास्त्रज्ञापर्यंत जाते. त्याचे नाव आदोल्फ केतले. विशेष म्हणजे लठ्ठपणा हा त्यांच्या अभ्यासाचा विषयच नव्हता.

केतले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी घेंट शहरात झाला. तेव्हा तिथे फ्रान्सची सत्ता होती. पुढे नेदरलँड्सची आली आणि १८३० मध्ये बेल्जियम हे स्वतंत्र राष्ट्र झाले. केतले सात वर्षांचे असताना वडील वारले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे सतराव्या वर्षीच ते शाळेत गणित शिकवू लागले. मन मात्र एका विषयात रमणारे नव्हते. ते चित्रे काढत, कविता करत. मित्राबरोबर त्यांनी संगीत नाटकाची संहिताही लिहिली. १८१९ मध्ये घेंटच्या नव्या विद्यापीठाने त्यांना गणितातली डॉक्टरेट दिली आणि ते ब्रसेल्सला अध्यापक म्हणून गेले.

ब्रसेल्समध्ये वेधशाळा असावी, असा ध्यास त्यांनी घेतला. ती कशी उभारायची हे शिकण्यासाठी १८२३ च्या अखेरीस ते पॅरिसला गेले. तिथे दुर्बिणींबरोबर आणखी एक गोष्ट त्यांना गवसली, ती म्हणजे लाप्लास आणि फूरिए या गणितज्ञांकडचे संभाव्यतेचे शास्त्र. एकाच ताऱ्याचे स्थान दहा वेळा मोजले तर दहा वेगळे आकडे येतात. पण ते आकडे एका मध्याभोवती गोळा होतात. मध्याजवळ गर्दी असते, दूर विरळ होत जाते. तो मध्य म्हणजे ताऱ्याच्या खऱ्या स्थानाचा सर्वांत चांगला अंदाज आणि बाकी साऱ्या मोजण्यातल्या चुका, असे खगोलशास्त्रज्ञ मानत.

केतले मायदेशी परतले. १८२८ मध्ये वेधशाळेचे संचालकपद मिळाले, पण १८३० च्या क्रांतीत बांधकाम रखडले. याच काळात त्यांची नजर आकाशावरून माणसांकडे वळली. जन्म, मृत्यू, विवाह, गुन्हे, आत्महत्या यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वर्षामागून वर्षे आकडे फारसे बदलत नाहीत, हे पाहून ते चकित झाले. नवजात अर्भकांपासून वृद्धांपर्यंत माणसांची उंची आणि वजनेही त्यांनी जमवली. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी एक नवी कल्पना मांडली, ती म्हणजे सरासरी माणूस. समाजाचे गुणधर्म ज्याच्यात मध्यावर एकवटले आहेत, असा हा काल्पनिक माणूस.

वजनाचा नियम याच मोजमापांतून निघाला. माणूस सर्व दिशांनी सारखाच वाढत असता, तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढले असते. प्रत्यक्षात प्रौढांमध्ये ते साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे केतले यांना दिसले. म्हणजेच उंच माणसे त्या मानाने सडपातळ असतात. म्हणून किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले, की उंच आणि बुटक्या माणसांची तुलना करता येते. १.७० मीटर उंचीच्या, ६५ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हा आकडा २२.५ येतो. यात चरबी किती आणि स्नायू किती, हा प्रश्न केतले यांनी विचारलाच नव्हता. त्यांना हवा होता तो मानवी शरीराच्या वाढीचा नियम.

पुढे त्यांनी ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचा तक्ता अभ्यासला. ३३ इंचांपासून ४८ इंचांपर्यंत पसरलेली ही मापे सुमारे ४० इंचांभोवती दाटली होती, अगदी ताऱ्याच्या वेधांसारखी. इथे केतले यांनी मोठी उडी घेतली. सरासरी माणूस हा जणू निसर्गाने योजलेला नमुना आणि प्रत्येक खरा माणूस ही त्याची थोडी चुकलेली प्रत, असे ते मानू लागले.

ताऱ्याला एकच खरे स्थान असते, म्हणून तिथे फरकाला चूक म्हणणे योग्य ठरते. ३६ इंच छातीचा निरोगी सैनिक मात्र कुणाची चूक नसतो. त्याची ठेवणच तशी असते. टीकाकारांनी हा कच्चा दुवा हेरला. तरीही मोठ्या समूहाबद्दल मोजून बोलण्याची जी शिस्त केतले यांनी घालून दिली, ती टिकली. १८५३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ब्रसेल्सला पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांना गुरुस्थानी मानत. केतले यांचा ग्रंथ त्यांनी समासात टिपणे करत वाचला होता.

१८५५ मध्ये केतले यांना पक्षाघाताचा झटका आला. स्मरणशक्ती ढासळली, लेखन अडखळू लागले. तरी त्यांनी काम सोडले नाही. मानवी शरीराच्या मापांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८७१ मध्ये निघाला. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी, अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, ब्रसेल्समध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सूत्राला आजचे नाव मिळाले ते जवळपास शंभर वर्षांनी. १९७२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी उंची-वजनाची निरनिराळी सूत्रे ताडून पाहिली. केतले यांचे सूत्र फार अचूक नव्हते, पण इतरांपेक्षा थोडे सरस होते. कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स म्हटले. समूहांच्या अभ्यासासाठी ते सोयीचे होते. हळूहळू ते दवाखान्यात एकेकट्या रुग्णासाठीही वापरले जाऊ लागले.

त्यात किती फसगत होऊ शकते, हे पुण्याने जगाला दाखवून दिले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३ होता. क्ष-किरणांवर आधारलेल्या डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. २००४ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही आत चरबी बाळगते आणि त्यातून मधुमेहाचा धोका वाढतो, हे त्यातून अनेकांच्या लक्षात आले.

मग चरबीचे टक्के सांगणारे यंत्र तरी बिनचूक असते का? ते चरबी थेट मोजत नाही. शरीरातून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडून ते त्याला होणारा विरोध मोजते. पाणी आणि क्षार असलेल्या स्नायूंतून वीज सहज जाते, चरबीतून अवघड जाते. विरोधावरून पाण्याचा अंदाज, पाण्यावरून चरबीविरहित वजनाचा आणि ते एकूण वजनातून वजा करून चरबीचा, अशी ही पायऱ्यांची उतरंड आहे. प्रत्येक पायरीवरचे सूत्र आधी मोजलेल्या माणसांच्या सरासरीवर बेतलेले असते. वय, उंची, लिंग यंत्र विचारते ते त्यासाठीच. म्हणजे इथेही केतले यांचा सरासरी माणूस हजर असतोच. त्यात शरीरातले पाणी कमी झाले असेल, तर विरोध वाढतो आणि चरबी प्रत्यक्षाहून जास्त दिसते. केवळ पायांखाली पट्ट्या असलेल्या काट्यात प्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो, पोटाच्या चरबीचा अंदाज सूत्रच बांधते.

म्हणून असा आकडा वापरायचा तो बदलाची दिशा पाहण्यासाठी. यंत्र तेच, वेळ सकाळची, पोट रिकामे, लघवीला जाऊन आल्यावर, व्यायामाआधी. महिन्या-दोन महिन्यांच्या नोंदी जोडून पाहाव्यात. जोडीला कमरेचा घेर साध्या टेपने मोजावा, रक्तदाब आणि साखर तपासावी. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी या यंत्रापासून दूरच राहावे.

केतले यांनी हजारो माणसांना एका आकड्यात बसवले आणि समाजाला स्वतःकडे पाहण्याचा नवा आरसा दिला. त्या आरशात गर्दी स्पष्ट दिसते. गर्दीतल्या एकाची प्रकृती कळायला मात्र त्या एकालाच तपासावे लागते.