न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : शाळा आणि जिमखाना

आपल्या शाळेला मैदान व छोटे सभागृह असावे असा विषय निघाला की, आधी वर्ग बांधा, खेळ आणि नाटके नंतर बघू, असे पालक म्हणतात. कशेळ्यासारख्या गावात, जिथे मुलाच्या फीसाठी भाताचे पोते विकावे लागते, तिथे हे म्हणणे चुकीचे आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण हाच प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या मुसलमान समाजापुढेही होता. तो ज्यांनी आपल्या परीने सोडवला त्यांची ओळख आपल्या मुलांना असावी, म्हणून हा लेख.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा, मूळचे खंबायतचे. वडील तय्यब अली व्यापारी होते, पण त्यांची दृष्टी व्यापाराच्या पलीकडे होती. मुले विलायतेस पाठवणे म्हणजे धर्म बुडवणे, अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी आपले मुलगे शिक्षणासाठी युरोपला पाठवले. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन संस्थेत गेले आणि 1860 साली, सोळाव्या वर्षी, इंग्लंडला रवाना झाले.

तिथे डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी इतकी अधू झाली की 1864 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून मुंबईस परतावे लागले. दुसरा कोणी असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता. हे पुढल्याच वर्षी पुन्हा इंग्लंडला गेले आणि 1867 साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबईत वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. चष्मा लागला म्हणून अभ्यास सोडू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

1874 साली मुंबई विद्यापीठाचे पदवीदान सभागृह पुरे झाले. त्यासाठी सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली होती. शेजारचे ग्रंथालय व राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून 1878 मध्ये उभे राहिले. पारशी आणि गुजराती शेठांनी विद्येसाठी थैल्या मोकळ्या केल्या होत्या, पण त्या सभागृहात पदवी घेण्यास उभा राहणारा मुसलमान विद्यार्थी क्वचितच सापडे. त्याच 1874 साली बद्रुद्दीन, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन आणि काही मित्रांनी अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था काढली. शाळा सुरू व्हायला 1880 साल उजाडले. मधली सहा वर्षे काय झाले असेल, हे संस्था चालवणाऱ्यांना सांगावे लागत नाही!

1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे बद्रुद्दीन यांनी मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. बोरीबंदरासमोर हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी रोडवर, शाळेसाठी सरकारकडून जागा मिळाली. 1890 साली पायाभरणी झाली आणि 1893 मध्ये इमारत पुरी झाली. घुमट आणि कमानी असलेली ती दगडी वास्तू शहराच्या ऐन दर्शनी जागी उभी राहिली. गरीब समाजाची शाळा कुठल्या तरी गल्लीत लपून बसलेली असावी, असे तिच्या चालकांना वाटले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता मैदानाची गोष्ट. मुंबईत पारशी आणि हिंदू क्रिकेटमध्ये पुढे येत होते. मुसलमान तरुणांनीही उघड्या हवेत खेळावे, चार लोकांत मिसळावे, यासाठी इस्लाम क्लब आणि इस्लाम जिमखाना यांच्या स्थापनेत बद्रुद्दीन यांनी पुढाकार घेतला. जिमखान्याला समुद्रकिनारी, पारशी आणि हिंदू जिमखान्यांच्या ओळीत जागा मिळाली. शाळेची इमारत आणि जिमखाना ही दोन्ही कामे त्याच सुमाराची. एक पुरे झाल्यावर दुसरे, असा क्रम त्यांनी धरला नाही. 1912 साली मुसलमानांचा संघ मुंबईच्या चौरंगी सामन्यांत उतरला, तेव्हा बद्रुद्दीन हयात नव्हते.

त्यांचे सार्वजनिक जीवन इथे थोडक्यात सांगतो, कारण ते पाठ्यपुस्तकांतही सापडते. 1887 साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रसभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांना राष्ट्रसभेपासून दूर राहण्यास सांगितले. बद्रुद्दीन यांनी पत्रव्यवहार केला, मतभेद मान्य केले, पण आपली जागा सोडली नाही. 1895 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे पहिले मुसलमान न्यायाधीश झाले. 1897 साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता. तो मंजूर केला न्यायमूर्ती तय्यबजी यांनी. 1902 मध्ये काही काळ त्यांनी मुख्य न्यायाधीशाचे कामही पाहिले.

मुलींच्या बाबतीत मात्र थोडे थांबले पाहिजे. बद्रुद्दीन यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले, पुढे दोघींना इंग्लंडलाही पाठवले. 1903 साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी स्त्रीशिक्षणाची आणि पडद्याच्या अतिरेकाची गोष्ट भर सभेत काढली. ती अनेकांना रुचली नाही. आपल्याकडे सातवीनंतर मुलीचे दप्तर खुंटीला टांगणाऱ्या घरांतही ती आज रुचेल असे नाही.

19 ऑगस्ट 1906 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते अंजुमनचे अध्यक्ष होते. आपली मुले कर्जतहून किंवा नेरळहून लोकल पकडून अखेरच्या स्टेशनात उतरतात. बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर ती घुमटांची इमारत दिसते. तिथे अजून शाळा भरते.